मुदतरावांची मुदतवाढ

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे, मालकांपासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत, त्यांना मुदतराव म्हणायचे. कोणी त्यांच्या टेबलापाशी येऊन काही सांगायला तोंड उघडलं, की चष्म्यावरून बघत ते पहिला प्रश्न टाकायचे, "मुदत काय?" मोटर आली नाही, मुदत काय? फिटर आजारी पडला, मुदत काय? एकदा हिशेब खात्यातली एक मुलगी लग्न ठरल्याची बातमी सांगायला आली. तिलाही त्यांनी सवयीने तेच विचारलं आणि ती बिचारी "आयुष्यभराची आहे, सर," असं म्हणून लाजत पळाली.

मुदतराव कंपनीत आले ते ग्रीसचा डबा उचलायला. मिसरूड फुटलेलं, अंगात मापापेक्षा मोठी खाकी पँट, आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची भीती कोणाला कळू नये म्हणून तोंडाने सतत शीळ. दिवसा खड्ड्यात आणि संध्याकाळी तंत्रशाळेत, असं करत त्यांनी डिप्लोमा पदरात पाडला. फिटरचे सुपरवायझर झाले, सुपरवायझरचे मॅनेजर झाले. पुढे कोणीतरी म्हणालं, आता मोठी कामं मिळवायची तर प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र लागतं. चाळिशी उलटल्यावर परीक्षेला बसणं म्हणजे म्हातारपणी सायकल शिकणं. दोनदा आपटले. तिसऱ्या वेळी बायकोने सूत्रं हातात घेतली. ती घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. पाय मशीनच्या पट्टीवर, मांडीवर ते वीटभर जाड पुस्तक, आणि शिवता शिवता एकेक प्रश्न. उत्तर चुकलं की मशीन थांबायचं. मशीन थांबलं की मुदतराव घाईघाईने दुसरं उत्तर द्यायचे. असं करत गडी पास झाला, आणि ते प्रमाणपत्र चौकटीत बसून शिलाई मशीनच्या वर, भिंतीवर लागलं.

पण हे प्रमाणपत्र एकदा मिळालं की जन्माचं मिळालं, अशातला भाग नव्हता. दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण. त्यासाठी साठ क्रेडिट जमवायची. एक तास काही शिकलात, एक क्रेडिट. निदान पस्तीस तरी शिकून मिळवायची, उरलेली दुसऱ्याला शिकवून किंवा कोणाचं काम फुकट करून दिलंत तरी चालतात. मग संस्थेच्या संकेतस्थळावर एकेकाची नोंद करायची, पुरावा जपून ठेवायचा, कारण ते कधीही मागू शकतात. तीन वर्षांत साठ म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाहीत. शाळकरी पोरालाही जमेल असं काम.

आणि नेमकं इथेच मुदतरावांचं घोडं पेंड खायचं. दुसऱ्याच्या मुदतीसाठी जिवाचं रान करणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दर खेपेला शेवटच्या काही महिन्यांत धावाधाव. यंदा तर फक्त पाच महिने उरले होते आणि खात्यात क्रेडिट होती अकरा.

यंदा त्यांना घाईही नव्हती. प्रमाणपत्राची मुदत संपत होती, त्यानंतर दीड महिन्याने ते स्वतःच निवृत्त होणार होते.

"दीड महिन्यासाठी कशाला जीव काढता?" बायको म्हणाली. "सोडून द्या."

"सोडलंच आहे," मुदतराव म्हणाले.

आणि सोडलंही असतं. पण एका सकाळी ऑफिसात धाकटे साहेब त्यांच्या टेबलाशी आले. हे मालकांचे चिरंजीव. नुकतेच शिकून आलेले, मनाने चांगले, पण बोलताना समोरचा माणूस आहे की भिंत याचा विचार न करणारे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टसाठी कंपनी काही महिन्यांनी निविदा भरणार होती. तिच्यासोबत प्रमाणपत्रवाल्या मॅनेजरांची नावं द्यायची होती.

"सर, यादीतून तुमचं नाव काढलंय बरं का," धाकटे साहेब हसत म्हणाले. "तोवर तुमचं एक्स्पायर झालेलं असेल ना!"

"काढा की," मुदतराव म्हणाले.

दिवसभर त्यांनी नेहमीसारखं काम केलं. पण ते 'एक्स्पायर' डोक्यातून जाईना. औषधाची बाटली एक्स्पायर होते, दुधाची पिशवी होते. घरी आले, चहाही न घेता लॅपटॉप उघडून बसले. बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या चौकटीकडे, आणि म्हणाली, "कोण काय बोललं?"

"कोणी नाही. अजून एकोणपन्नास लागतात."

दुसऱ्या दिवसापासून घरात वेबिनारांचा सुकाळ झाला. जोखीम ओळखण्यावर, अंदाजपत्रकावर, टीम सांभाळण्यावर. कोणी परदेशातला तज्ज्ञ टाय लावून एक तास बोलायचा, आणि अधूनमधून पडद्यावर एक चौकट उगवायची: 'तुम्ही उपस्थित आहात का?' 'हो' दाबलं नाही, तर त्या तासाचं क्रेडिट बुडालं. एका रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं, टायवाल्याचा आवाज लोण्यासारखा मऊ, मुदतरावांची हनुवटी छातीला टेकली. जाग आली तेव्हा तास संपला होता आणि पडद्यावर अभिनंदन लिहिलेलं होतं.

"हे कसं झालं?"

"मी दाबलं," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "दोनदा विचारलं त्याने. उपस्थित होतातच की तुम्ही. घोरत होतात, पण होतात."

"अगं, ही फसवणूक झाली!"

"मग मला द्या ते क्रेडिट. मी ऐकलंय सगळं."

तिने खरंच ऐकलं होतं. मुदतरावांनी ते क्रेडिट नोंदवलं नाही, दुसऱ्या दिवशी तोच तास खुर्चीत ताठ बसून पुन्हा ऐकला. विषय होता स्टेकहोल्डर. म्हणजे ज्याचं ज्याचं आपल्या कामात काही अडकलंय, तो प्रत्येक माणूस. त्यांची यादी करा, त्यांना काय हवंय ते विचारा, असं टायवाला सांगत होता. मुदतराव मान डोलावत होते. हे तर आपल्याला वीस वर्षांपासून पाठ आहे, असं त्यांना वाटत होतं.

अशी रखडत रखडत बेरीज सदतीसवर आली. पण आता वेबिनारचं नाव काढलं की त्यांचं डोकं दुखायला लागायचं. नियम चाळताना त्यांची नजर त्या दुसऱ्या वाटेवर गेली: एखाद्या संस्थेला विनामूल्य मदत करा. आणि त्याच आठवड्यात इमारतीच्या दारात सूचना लागली. जुनी लिफ्ट बदलण्याबाबत रहिवाशांची सभा.

आता गंमत बघा. मुदतराव राहत होते त्या चार मजली इमारतीची लिफ्ट म्हणजे एक म्हातारा पिंजरा होता. जाळीचं दार हाताने ओढायचं, आत गेलं की ती एक उसासा टाकायची आणि मग मनात आलं तर चालायची. शहरभर लिफ्ट बसवणाऱ्या माणसाच्या इमारतीत ही अवस्था! पण मुदतराव तळमजल्यावर राहायचे. एकोणीस वर्षांत त्या लिफ्टमध्ये त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

इमारतीच्या समितीच्या प्रमुख तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, पण बाईंचा वर्ग सुटला नव्हता. मुदतराव त्यांच्याकडे जाऊन म्हणाले, "बाई, हे सगळं काम मी नियोजन करून पार पाडून देतो. फुकट."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "फुकट कोणी काही करत नाही. तुमच्या कंपनीला काम मिळावं, म्हणून ना?"

"आमची कंपनी निविदाच भरणार नाही. तसं लिहून देतो."

"मग तुम्हाला काय मिळणार?"

मुदतरावांनी क्रेडिटचा सगळा कारभार समजावून सांगितला. बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "म्हणजे गुण हवेत तुम्हाला. असं सरळ सांगायचं. गुणांसाठी काम करणारी मुलं मी आयुष्यभर पाहिलीत. या उद्यापासून."

धाकट्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, स्वतःच्या बिल्डिंगचं काम दुसऱ्या कंपनीला?" मुदतराव नुसते हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसू आलं होतं.

काम त्यांच्या हातचा मळ होतं. तीन कंपन्यांचे दर मागवले, त्यातली एक निवडली, मापं घेतली, तक्ता केला. सहा आठवडे लिफ्ट बंद. कुठल्या दिवशी जुना पिंजरा निघेल, कुठल्या दिवशी रूळ बसतील, कुठल्या दिवशी वीज जोडली जाईल, सगळं रंगीत पट्ट्यांनी आखलेलं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली, आणि मुदतरावांनी तो तक्ता खांबाला चिकटवला. लोक माना उंचावून बघायला लागले. मुदतरावांची छाती दोन बोटं फुगली.

बाईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "'या काळात रहिवाशांनी जिना वापरावा.' आणि चौथा मजला?"

"तेही जिनाच वापरतील," मुदतराव म्हणाले.

सभेत कोणीतरी चुकचुकलं.  मुदतरावांना कळेना आपण काय बोललो. तेवढ्यात मागच्या रांगेतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, चौथ्या मजल्यावरचे काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. येताना त्यांना धड उभंही राहवत नाही. चार जिने कसे चढतील?"

काका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी ओशाळून हात हलवला. "नाही नाही, माझ्यामुळे काम अडवू नका. काहीतरी करू आम्ही." शेजारी काकू मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या.

मुदतरावांचं लक्ष काकांच्या शर्टाकडे गेलं. डाव्या बाहीला खांद्यापासून कोपरापर्यंत एक चेन लावलेली होती. हा शर्ट त्यांनी पाहिला होता. त्यांच्याच पुढच्या खोलीत, त्यांच्याच बायकोच्या मशीनवर, एकदा नाही, तीन-चारदा. बाहीला चेन कशाला, असा प्रश्न मनात येऊन गेला होता. तो त्यांनी विचारला मात्र नव्हता. सुई टोचायला हात मोकळा करता यावा म्हणून ती चेन होती. टायवाल्याचा तास दोनदा ऐकला, एकदा झोपून आणि एकदा जागून, आणि शेवटी यादीतून सुटला तो डोक्यावर राहणारा माणूस. त्यांचे कान तापले.

"खालचं एखादं घर काही दिवस मिळालं तर..." कोणीतरी म्हणालं.

तळमजल्यावर घरं दोनच. एकात दातांचा दवाखाना. सगळ्यांच्या नजरा हळूहळू वळल्या. मुदतराव घसा खाकरून "त्यावर विचार करून पुढच्या सभेत..." असं काही म्हणणार, तोच मागून आवाज आला, "आमचं घर घ्या. आम्ही जातो वर."

सभा संपल्यावर जिन्यापाशी मुदतराव पुटपुटले, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

मुदतरावांनी खरंखुरं उत्तर शोधलं. "मुदत काय, असं म्हणालो असतो."

"सहा आठवडे. तुमच्याच तक्त्यात आहे," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

असं ते बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर चढलं. शिलाई मशीन मात्र खालीच राहिलं, कारण गिऱ्हाईक काही चार जिने चढून येणार नव्हतं. बायको सकाळी खाली जायची, काका-काकूंच्या सोबतीने दुकान चालवायची, संध्याकाळी वर यायची. वर काकांच्या घरात भिंतभर घड्याळं. प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. पहिल्याच दिवशी मुदतरावांना ऑफिसला उशीर झाला. त्यांनी फोन केला, "काका, यातलं बरोबर कुठलं?"

"एकही नाही," काका खालून म्हणाले. "ती दुरुस्तीला आलेली आहेत. काहींचे मालक न्यायलाच आले नाहीत. चालू ठेवलीत इतकंच."

लिफ्टच्या खड्ड्यात दुसऱ्या कंपनीचे फिटर काम करत होते, आणि मुदतरावांचे हात शिवशिवत होते. तो माणूस पाना उलटा धरतोय, हा रूळ ओळंब्यात नाही, असं सतत ओठांवर यायचं. एकदा न राहवून ते आत डोकावले, तर फिटर म्हणाला, "काका, बाजूला व्हा, लागेल." त्यांच्या उभ्या आयुष्यात लिफ्टच्या खड्ड्यापासून त्यांना कोणी बाजूला केलं नव्हतं. ते निमूटपणे बाजूला झाले.

खरं शिक्षण जिन्याने दिलं. गुडघा कुरकुरायचा, म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबावं लागायचं, आणि थांबलं की कोणाचं ना कोणाचं दार उघडायचं. पहिल्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून सकाळी झोपते, हे त्यांना कळलं. त्यांनी फिटरांशी बोलून ड्रिलचं काम दुपारवर ढकललं. दुसऱ्या मजल्यावर जुळ्या मुलींची आई बाबागाडी, दोन पोरी आणि भाजीची पिशवी एकटीने चढवायची. त्यांनी जिन्याखाली बाबागाडीला जागा करून साखळी-कुलूप लावून दिलं. एकोणीस वर्षं ज्यांना बघून ते नुसती मान हलवून पुढे जायचे, ती सगळी आता ओळखीची माणसं झाली.

आणि पाचव्या आठवड्यात घोळ झाला. दारांच्या चौकटी आल्या त्या चुकीच्या मापाच्या. नव्या यायला आणखी दहा दिवस. ऑफिसात असं झालं की मुदतराव एक नोटीस काढायचे आणि मोकळे व्हायचे. इथेही त्यांनी नोटीस लिहिली. मग वाचली, घडी करून खिशात घातली, आणि आधी खाली काकांकडे गेले.

"काका, दहा दिवस लांबलं. चूक चौकटवाल्यांची, पण मापं मी पुन्हा तपासायला हवी होती."

काकूंनीच उत्तर दिलं. "लांबू दे हो. यांना खाली करमायला लागलंय. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतात आणि उघडून बसतात."

मग ते प्रत्येक दार ठोठावत वर गेले. चिडले ते दोघंच. त्यातल्या एकाने नंतर चहा पाजला. सगळ्यात शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं आणि तिचा पारा चढला. सगळ्यांत आधी सांगायचं ते तिला, हे कुठल्या वेबिनारात सांगत नाहीत का, असं तिने विचारलं.

नवी लिफ्ट सुरू झाली. चकचकीत, गुळगुळीत, आतमध्ये आरसा. काका-काकू तिच्यातून वर गेले, मुदतराव मंडळी खाली आली. त्यांनी संकेतस्थळ उघडलं, 'विनामूल्य सेवा' या सदरात तेवीस तास भरले आणि बेरीज बरोबर साठ झाली. अर्ज पाठवून त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमचा अर्ज पडताळणीसाठी निवडला आहे. सेवेचे तास संबंधित संस्थेच्या प्रमुखांकडून प्रमाणित करून पाठवा.

संस्थेच्या प्रमुख, म्हणजे बाई.

मुदतराव कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंनी वाचला. "वीस," त्या म्हणाल्या.

"तेवीस आहेत, बाई."

"सभा, दरपत्रकं, मापं, देखरेख, सगळं धरून वीस. ते मी पाहिलंय, त्यावर सही करते. जिन्यात उभं राहून गप्पा मारल्या, ते तीन तास नाही."

"बाई, त्या गप्पा नव्हत्या. तो स्टेकहोल्डरशी संवाद होता."

"गप्पाच होत्या. मी दार उघडं ठेवून ऐकत होते." बाईंनी टोपण काढून पेन टेकवलं. "एक दिवस तर तुम्ही नर्सला तुमच्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितलीत. तिचे कसले गुण?"

मुदतरावांनी आठवून बघितलं. गुडघ्याची कहाणी खरी होती. त्यांनी वीसवर सही घेतली. मुदतीला आठवडा उरला होता आणि तीन क्रेडिट कमी. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिला हसू आवरेना. "बरोबर केलं बाईंनी! मी असते तर पंधरा दिले असते."

सगळ्यात लवकर सुरू होणारा अभ्यासक्रम होता तीन तासांचा. विषय: ऐकणं. नुसतं ऐकणं. मुदतरावांनी सुस्कारा सोडला आणि नाव नोंदवलं. यावेळी टायवाला नव्हता. एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्या कमी बोलायच्या. शेवटच्या तासाला त्यांनी काम दिलं: तुमच्या जवळच्या एका माणसाला निवृत्ती, नोकरी, घर, कशाबद्दलही बोलायला सांगा, आणि दहा मिनिटं मध्ये एक शब्द बोलू नका. सल्ला नाही, प्रश्न नाही.

बायको एका पँटची उंची कमी करत होती. मुदतराव तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. "तुला मी निवृत्त होण्याबद्दल काय वाटतं ते सांग. मी बोलणार नाही."

"तुम्ही? बोलणार नाही?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ती आधी थट्टेवारी बोलली, मग जरा थांबली. पट्टीवरचा पाय थांबला, मशीन थांबलं.

"खरं सांगू? मला भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही घरी बसणार याची नाही. तुम्ही माझ्या दुकानात बसणार याची. हे दुकान मी माझ्या पद्धतीने चालवते. कोणाचे कपडे आधी, कोणाचे नंतर, कोणाला उधार, कोणाला नाही, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. तुम्ही येणार, भिंतीला तक्ता लावणार, आणि माझ्या गिऱ्हाइकाला विचारणार, मुदत काय. मग हे दुकान तुमचं होईल. मला ते नकोय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके महिने बोलले नाही."

मुदतरावांना वाईट वाटलंच. कारण तो तक्ता तयार होता. लॅपटॉपमध्ये, 'दुकान' नावाच्या फोल्डरात, तीन रंगांत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तिला चकित करायचं, असा त्यांचा बेत होता. तोंडापर्यंत आलं, 'अगं, पण त्याने तुझा वेळ वाचेल'. दहा मिनिटं झाली नव्हती. त्यांनी ते गिळलं.

ती पुढे बरंच बोलली. पहिलं मशीन कसं घेतलं, सासूबाई काय म्हणाल्या होत्या, कोणत्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा 'तुमचं दुकान' असा शब्द वापरला. यातलं निम्मं त्यांना ठाऊक नव्हतं. दहाची पंचवीस मिनिटं झाली तरी ते बोलले नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "आता बोला हो. कसंतरी होतंय."

"तक्ता केला होता," ते म्हणाले. "पुसून टाकतो."

"दाखवा तरी आधी."

दोघांनी मिळून तो बघितला. रंग छान आहेत, असं तिने सांगितलं. मग त्यांनी तो पुसून टाकला.

तीन क्रेडिट नोंदली गेली आणि चार दिवसांत उत्तर आलं. नूतनीकरण मंजूर, आणखी तीन वर्षं. मुदतरावांनी ते पत्र धाकट्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं, मान वर केली, आणि पहिल्यांदाच जरा चाचरत म्हणाले, "सर, मी त्या दिवशी बोललो ते... नाव परत घालतो." आणि घातलं. पण हॉस्पिटलचं काम शेवटी दुसऱ्याच कंपनीला गेलं, तेव्हा त्या नावाचा उपयोग शून्य झाला. मुदतरावांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

निरोपाच्या दिवशी ते निघाले तेव्हा गेटवरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकून विचारलं, "मुदतराव, आता पुढे काय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते त्याच्याशी तासभर बोलत उभे राहिले.

आता ते शनिवारी संध्याकाळी तंत्रशाळेत शिकवायला जातात, जिथे ते स्वतः शिकले त्याच. पोरं दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेली असतात, मागच्या बाकावर दोघं-तिघं झोपतात. मुदतराव त्यांना उठवत नाहीत. दर मंगळवारी ते काकांना दवाखान्यात घेऊन जातात आणि तिथे काका त्यांना घड्याळ उघडायला शिकवतात. आत्तापर्यंत तीन घड्याळं कायमची बंद पडली आहेत. दुकानात त्यांना मज्जाव आहे असं नाही. बायकोने त्यांना एकच काम दिलंय, उसवायचं. परवा त्यांनी एका पँटची शिलाई मन लावून, एकेक टाका सुईने उचलत, तासभर उसवली आणि मोठ्या अभिमानाने तिच्यापुढे धरली.

बायकोने पँट उलटी केली, सुलटी केली. "अहो, डावा पाय उसवायचा होता."

"मग हा कुठला?"

"उजवा." ती उठली आणि मशीनसमोरची आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा आता इथे. शिवायलाही शिका."

मुदतरावांनी चष्मा पुसला, पट्टीवर पाय ठेवला, आणि सुईत दोरा ओवायला लागले. तो काही केल्या जाईना.